आत्याच्या चुलीवरचा पत्रा

आमची आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी वर बघायची. घरधनी दारात उभा राहून या म्हणतोय, त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आलीय, आणि ही उंबऱ्यातच थांबून मान मागे टाकून छपराकडे बघतेय. मग पाणी प्यायची, तोंड पुसायची आणि म्हणायची, "मागल्या अंगाचा तिसरा हूक सैल झालाय तुमचा." लेकीसाठी कासारवाडीला स्थळ बघायला गेली तिथंही तिनं हेच केलं. मुलाचा बाप जरा फटकळ होता. म्हणाला, "बाई, पोरगा बघायला आलात का घर?" आत्या म्हणाली, "पोरगा काय, खाली बसलाय न्हवं. त्याला बघतेच. छपराचं सांगता येत न्हाई." सोयरीक जमली.

तिचं नाव कौसल्या. ती आमच्याच वाडीची लेक. भामा नदीच्या काठाला आमची बावीस घरं आहेत, चाकणच्या कंपन्यांचे भोंगे ऐकू येतात एवढ्या अंतरावर. लग्न होऊन गेली आणि पाचसहा वर्षांत नवऱ्याला घेऊन परत आली, कारण नवऱ्याला काम इकडे मिळालं. माहेरीच राहायला लागली म्हणून पोराबाळांची ती आत्या झाली, आणि मग सगळ्या वाडीचीच झाली. मी तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, तरी मीही आत्याच म्हणायचो. ती मला अण्णा म्हणायची. तिचा नवरा अर्थात सगळ्यांचा दाजी. घरजावई म्हणून त्यांची थट्टा व्हायची, पण माणूस हसरा. "दाजी, सासुरवाडीचा मुक्काम किती दिवस?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "चोवीस वर्षं झाली, अजून मनासारखा पाहुणचार झाला न्हाई, झाला की जातो."

दोघं मिळून कंपन्यांच्या शेडवर पत्रे बसवायचे. दाजी फॅब्रिकेटरकडे होते, आत्या सुरुवातीला नुसते वॉशर हातात द्यायला जायची, मग स्वतःच वर चढायला लागली. लुगड्याचा काष्टा घट्ट खोवायचा, वरून दाजींचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल. तीसचाळीस फुटांवर लोखंडी कैचीवर, म्हणजे छपराच्या सांगाड्यावर, ही बाई घरात फिरावी तशी फिरायची. दाजी म्हणायचे, "आमची मंडळी वरच्या मजल्यावर असती, आमी तळमजल्याला."

पुढं लिहिण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. ती सांगितल्याशिवाय आत्याबद्दल काहीही लिहिलं तरी खोटंच होईल. वादळात दाजी गेले ते उडालेला पत्रा लागून. तो पत्रा माझ्या घराचा होता. हे वाडीत दोघांनाच ठाऊक होतं. आत्याला आणि मला.

माझी शाळा चौथीत सुटली. तीस वर्षं मी फौंड्रीत भट्टीपुढं काढली आणि त्या पैशातून घर बांधलं. गवंडी सोडला तर कुणाचा हात लावून घेतला नाही. वर चौदा पत्रे टाकले, नवे कोरे, आणि एकालाही भोक पाडलं नाही. थोरल्या भावाच्या घरावर एका टिनपाट कारागिरानं भोकं पाडली होती, त्याचं पोत्यातलं धान्य पहिल्याच पावसात कुजलं. ते मी बघितलं होतं. म्हणून मी पत्र्यांवर नदीतले धोंडे ठेवले, चार जुने टायर ठेवले, कडेला वाळूची पोती. आमच्या भागात अर्ध्या घरांवर असंच असतं, यात काही वेगळं नाही. फक्त आमच्या वाडीत आत्या होती, आणि बाकीच्यांनी हळूहळू तिचं ऐकलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

ती दर उन्हाळ्यात एकदा यायची, अंगणात उभी राहून वर बघायची.

"अण्णा, वारा खालनं येतो. धोंडा वर ठेवून काय उपेग?"

"तुझ्या कंपनीच्या शेडला येत असंल खालनं. माझ्या घराला भिंती हायेत."

"भोक वरंब्यावर पाडायचं असतं, सरीत न्हाई. पाणी सरीतनं वाहतं. शेतकऱ्याच्या पोराला हे मी सांगायचं व्हय?"

पत्र्याच्या उंचवट्याला ती वरंबा म्हणायची आणि खोलगट भागाला सरी. तिची सगळी विद्या त्या दोन शब्दांत होती, आणि ती खरी होती. पण मला ती बाईमाणसानं अंगणात उभं राहून, माझ्या सुनेदेखत सांगावी हे खपत नव्हतं. एकदा मी तिला म्हणालो, "माझ्या छपराची चाळणी करायची न्हाई. पुन्हा काढू नकोस विषय." त्यानंतर तिनं काढला नाही. यायची, वर बघायची, चहा पिऊन जायची.

मृगाच्या तोंडावर ते वादळ आलं. सकाळपासून रेडिओवर, मोबाइलवर सांगत होते, पण समुद्राचं वादळ आमच्यापर्यंत कशाला येतंय असं आम्ही म्हणालो. दुपारी दोनच्या सुमारास नदीपलीकडची बाभळीची रांग एकदम आडवी झाली, उठली, पुन्हा आडवी झाली. मग आवाज आला. भट्टीचं तोंड उघडल्यावर येतो तसा, पण तो थांबेना. मी घरातल्यांना घेऊन सिमेंटच्या भिंतींच्या न्हाणीघरात घुसलो, वर पत्राच होता. डोक्यावर धोंडे गडगडत घरंगळल्याचं ऐकू आलं आणि नंतर एकदम हलकं वाटायला लागलं. मान वर केली तर आभाळ दिसलं. छप्पर एखाद्यानं झाकण उचलावं तसं गेलं होतं.

दाजी नदीकडे होते. घाटाजवळ त्यांची शेळी बांधली होती, ती सोडायला गेले होते.

वारा जरा पडल्यावर मी माझे पत्रे बघायला म्हणून नदीकडे गेलो. हे खरं आहे, मी माणसं बघायला गेलो नव्हतो, पत्रे बघायला गेलो होतो. बांधावर चढलो तेव्हा खाली आत्या दिसली. दाजी घाटाच्या पायरीवर पडले होते, अंगावर पत्रा होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला, ओढत नेला आणि घाणेरीच्या झुडपात जिथं आणखी पाचसहा पत्रे येऊन पडले होते तिथं टाकला. टाकताना तो उलटला. त्याच्या कोपऱ्यावर डांबराचा डाग होता, बैलाच्या खुराएवढा. तो डाग मीच लावला होता, वाहतुकीत पोचा पडला होता तिथं. आत्यानं वळून बघितलं तर मी बांधावर. मग मागून माणसं पळत आली, रडारड सुरू झाली, आणि ती दाजींजवळ जाऊन बसली.

पंचनाम्यात वाऱ्याने उडालेला पत्रा असं लिहिलं. कुणाचा, ते विचारलं नाही. वाऱ्याला कुणी विचारतं का.

त्या दहा दिवसांत तिच्या परसातून हातड्रिलचा आवाज यायचा. कर्रर, थांबायचा, पुन्हा कर्रर. सुतकातली बाई, नवरा जाऊन चार दिवस झालेत, आणि भोकं पाडत बसलीय. बायका म्हणाल्या, डोक्यावर परिणाम झाला बिचारीच्या. मी माझ्या उघड्या घरात ताडपत्रीखाली बसून तो आवाज ऐकायचो. अजूनही कुठं बांधकामावर ड्रिल लागलं की माझ्या हातातला घास खाली येतो.

वाडीची दशा फार वाईट होती. बावीसातल्या सतरा घरांचे पत्रे उडाले होते, हूक होते त्यांचे थोडे, माझे सगळे. पंपघर पडलं होतं, घाटाच्या पायऱ्या निखळल्या होत्या, विजेचे खांब शेतात लोळत होते, उभा ऊस चटईसारखा झाला होता. तरणी माणसं म्हणायला लागली, आता इथं काय राहिलंय. आत्याचा सख्खा भाचा दत्तू कंपनीत पर्मनंट होता. त्यानं चाकणला भाड्यानं खोली बघून ठेवली. त्याचं बघून त्याचे तीन भाऊ, आणखी दोघं. कुणी एक माणूस गाडीतून येऊन नदीकाठच्या जागा गोडाउनसाठी विचारून गेला. दहाव्याला सगळे घाटावर जमले होते तेव्हा हीच चर्चा चालली होती. विधी उरकला आणि आत्या उठून उभी राहिली.

"दत्तू, खोलीत गेलास तर परत येणार न्हाईस."

"आत्या, पाऊस आठ दिवसांवर आलाय. कसं व्हायचं इथं?"

"सावड करू. सगळ्यांनी सगळ्यांच्या घराला. दिवसाला दोन घरं. पत्रे हायेत, नदीत आणि उसात पडलेत तेवढं गोळा करा आणि देवळापुढं आणा. कुणाचा कुठला ते मी सांगते."

सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या कामावर, उद्या सगळ्यांनी माझ्या. पेरणीला, काढणीला आमच्यात अजून चालते. छपराची सावड कुणी ऐकली नव्हती. पण दहाव्याच्या दिवशी विधवा बाई उभी राहून सांगतेय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार.

दोन दिवसांत देवळापुढं पत्र्यांचा ढीग लागला. भांडणं होणार हे उघड होतं. आत्या पत्रा उभा करायची, भोकांत बोट घालायची, गंजाची रेघ बघायची आणि सांगायची. "हे बारा इंचावर पाडलंय, हा रामभाऊचा. ह्याला जुना खिळा होता, हूक मी नंतर टाकला, हा शेवंताचा." कुणी कुरकुर केली की म्हणायची, "पत्रा काय बोलतोय बघ की. मी कुठं बोलते." माझे ओळखायला सोपे. ज्याला एकही भोक नाही तो माझा. लोकांना त्याही दिवसांत हसायला मिळालं. "अण्णांचे पत्रे कुंवारे हायेत," दत्तू म्हणाला.

तेरा झाले. कुणीतरी म्हणालं, "अण्णा, तुमचा एक कमी पडतोय."

चौदावा माझ्यासमोरच होता. देवळाच्या भिंतीला टेकवलेला. त्याला आठ भोकं होती, वरंब्यावर, सरळ रेषेत, आणि भोकांच्या कडा चांदीसारख्या चकाकत होत्या. डांबराचा डाग ओला चिखल फासून झाकला होता, पण वाळून तो तडकला होता. आत्या त्याच्याजवळ उभी होती.

मी म्हणालो, "नदीतनं गेला असंल वाहून."

आत्या म्हणाली, "हा माझा."

दुसऱ्या दिवसापासून सावड सुरू झाली. पहिल्या घराला शिडी लावली तसं तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, "शिडी अण्णा धरतील. रोज. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई." लोक हसले. जन्मभर कुणाचं न ऐकलेला म्हातारा बाईच्या शिडीला. मीही हसलो. पण ती चढायला लागली आणि शिडीतून तिचं वजन माझ्या मनगटात उतरलं तेव्हा मला घाम फुटला. सोळा घरं ती अशी चढली आणि उतरली. चढताना एकदाही खाली बघितलं नाही. मी शिडी सोडणार नाही एवढा विश्वास होता, की सोडली तरी चालेल असं वाटत होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

माझं घर शेवटी ठेवलं होतं. त्या दिवशी दुपारी बाकीचे जेवायला गेले, आणि ती वर काम करत राहिली. मी शिडी चढून छपराच्या कडेपर्यंत गेलो.

"आत्या, मी सांगतो सगळ्यांना."

ती ड्रिल फिरवत होती. भोक आरपार होईपर्यंत थांबली नाही.

"आत्ता सांगितलंत तर दत्तू सांजच्याला सामान बांधंल. त्याच्यामागं त्याचे भाऊ जातील. तुमची भावकी एकीकडं, माझी एकीकडं. मग हे कोण पुरं करील? पंपघर व्हायचंय, घाट व्हायचाय."

"मग कधी सांगू?"

"वाडी उभी राहू द्या. मग तुमचं तुमी बघा." तिनं हूक अडकवला, वॉशर घातला, नट आवळला. "आणि मी माफ केलं असं समजू नगा, अण्णा. अजून मी दोन ताटं घेते. एक परत ठेवते."

वाडी उभी राहिली. पंपघर झालं, घाटाच्या पायऱ्या नव्यानं बसवल्या, विजेची तार दिवाळीआधी आली. दत्तूनं चाकणच्या खोलीचा नाद सोडला आणि तो इथंच वर एक मजला काढायला लागला. गोडाउनवाला दोनदा येऊन गेला आणि मग यायचा बंद झाला. आजूबाजूच्या गावांतली माणसं आमची वाडी बघायला यायची. मी त्यांना आत्याचं घर दाखवायचो.

पण मी सांगितलं नाही. दिवाळी आली, म्हटलं सणात नको. दत्तूच्या पोरीचं लग्न निघालं, म्हटलं मांडवात नको. मग शिमगा, मग पेरणी. मीच मला म्हणायचो, आत्यानं गप्प बसायला सांगितलंय. तिनं तसं कधीच सांगितलं नव्हतं.

तो पत्रा तिनं स्वतःच्या चुलीवर बसवला होता. तिचे दोन पत्रे सापडलेच नव्हते, नवे आणायची ऐपत नव्हती, आणि तो दुसऱ्याच्या घरावर टाकणं तिला शक्य नव्हतं. माझ्या ओट्यावरून तो सरळ दिसायचा. चिखल पहिल्या पावसात धुऊन गेला आणि डाग मोकळा झाला. त्याच्याखाली बसून ती तीन वर्षं भाकरी थापत होती. वारा सुटला की तो वाजायचा, ठक, ठक, थांबून ठक. सगळ्या वाडीत तेवढा एकच वाजायचा. सुना म्हणायच्या, सगळ्या गावाचे पत्रे गप्प केले, हिचाच बोलतो. मी एकदा म्हणालो, "आत्या, तो आवळून घे." ती म्हणाली, "आवळलाय. तरी वाजतो."

मग तिला दम लागायला लागला. इतकी वर्षं पत्र्याचा कीस आणि कंपन्यांची धूळ छातीत गेलेली. लेकीनं कासारवाडीला नेलं. स्टेशनजवळ तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पक्का स्लॅब. मी भेटायला गेलो तेव्हा कॉटवर उशाला टेकून बसली होती. लेक आत चहा करत होती. आत्यानं वाडीतल्या एकेका घराचं विचारलं, कुणाचा हूक, कुणाची पन्हळ. मग आवाज बारीक करून विचारलं,

"सांगितलं?"

"न्हाई अजून."

गाडी जात होती, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. गाडी गेल्यावर म्हणाली, "चहा घ्या, अण्णा. निवंल."

पंधरा दिवसांनी ती गेली.

दहावा आमच्या घाटावर केला, तिनं बांधून घेतलेल्या पायऱ्यांवर. कावळा शिवला. माणसं उठायला लागली तेव्हा मी म्हणालो, थांबा. बसलो असतो तर बोललो नसतो म्हणून उभा राहूनच सांगितलं. माझा पत्रा, डांबराचा डाग, सुतकातलं ड्रिल, सगळं. किती वेळ लागला माहीत नाही. नदीला पाणी थोडं होतं, त्याचा आवाज येत होता. माझी भावकी खाली बघत होती. कुणीतरी म्हणालं, "अण्णा, बसा खाली," पण मी बसलो नाही.

दत्तूनं डोकं भादरलेलं होतं. तो पायरी चढून माझ्यासमोर आला.

"आत्याला ठावं हुतं?"

"व्हय. पहिल्या दिवसापासनं."

"तीन वर्षं?"

"व्हय."

आजवर तो मला अहो-जाहो करायचा. त्या दिवशी म्हणाला, "आरं मग ती जित्ती असताना सांगायचं हुतंस. आमी काय केलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तुझ्या दारात आलो नसतो. पण तिला एकटीला तर वागवायला लागलं नसतं. कुणाच्या गळ्यात पडून रडली असती ती."

मी तीन वर्षं समजत होतो की ओझं माझ्या डोक्यावर आहे. माणसं एकेक करून माझ्या बाजूनं निघून गेली, अंगाला अंग न लावता.

त्याला आता आठ महिने झाले. वाडी मोडली नाही. आत्याला जी भीती होती ती तेव्हा खरी होती, आता नव्हती. दत्तू गेला नाही. तो फक्त माझ्याशी बोलत नाही, आणि त्याच्या घरचं कुणी बोलत नाही. बाकीचे बोलतात, कामापुरतं. सावडीचं बोलावणं आलं तर येतं, नाही तर नाही.

परवा दत्तूच्या वरच्या मजल्यावर पत्रे चढवायचे होते. आत्या असती तर तीच वर असती. सगळी वाडी गेली, मला बोलावणं नव्हतं. मी निघालो तशी बायको म्हणाली, "कशाला जाताय, अपमान करतील." मी म्हणालो, "करू दे."

दत्तू वर कैचीवर बसला होता. एक नवशिका वॉशर लावत होता, आणि भोक सरीत पाडायला निघाला होता. मी खालून ओरडून सांगितलं, वरंब्यावर पाड, सरीत नाही. सगळे थांबले. दत्तूनं माझ्याकडे बघितलं नाही. त्यानं त्या पोराच्या हातातलं ड्रिल घेतलं, पत्र्यावर जरा वर सरकवलं आणि भोक पाडलं.

त्यानं मला ये म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही. मी उन्हात भिंतीशी उभा होतो, दिवस मावळेपर्यंत. अर्धे पत्रे राहिलेत, उद्या पुन्हा काम आहे. मी जाणार आहे.